दुपारच्या पहाऱ्यातली तार

समजा, तुम्हाला एक तार वळायची आहे. पोलादाची बारीक तार ताणून धरली आहे. तिचं एक टोक धार लावायच्या चाकाच्या आसाला बांधलंय, दुसरं मोकळ्या फिरणाऱ्या भोवरकडीत अडकवलंय, आणि कुणीतरी चाक फिरवतंय. तुमच्या हातात त्याहूनही बारीक तांब्याची तार आहे. ती चिमटीत धरून फिरत्या पोलादावर चढवत न्यायची. वेढ्याला वेढा चिकटला पाहिजे, पण वेढ्यावर वेढा चढता कामा नये. मध्ये केसाएवढी फट राहिली तर वाजवताना तार किणकिणते आणि सगळी मेहनत फुकट जाते. चिमटी सैल पडली तर वेढे घसरतात, घट्ट झाली तर तांबं तुटतं. बोटाला फडकं गुंडाळलं तर अंदाज जातो, नाही गुंडाळलं तर कातडं जातं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सूर खाली नेण्यासाठी. खालच्या सुराला जड तार लागते. पण नुसती जाड पोलादी तार सळईसारखी ताठ होते, छेडली की सूर न देता ठणका देते. म्हणून आत बारीक पोलाद, ते लवचीक राहतं. आणि वरून तांबं, ते वजन देतं.

सहदेवला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तो कोंडपाड्याचा सुतार. पळसदरी स्टेशन सोडून घाटाच्या पायथ्याकडे चालत गेलं की भातखाचरांच्या वरच्या अंगाला हे गाव लागतं. सहदेव नांगर, दारं, बैलगाडीची चाकं करायचा. एकोणीसशे त्रेचाळीस साली, भाताची झोडणी झाल्यावर, तो आपल्या पडवीत बसून या तारा वळत होता. लढाईमुळे बाजारात तांब्याची तार मिळत नव्हती. शिळफाट्याच्या एका भंगारवाल्याकडून त्याने लॉरीचा जळका डायनॅमो आणला होता आणि तो उसवून तार काढली होती. चाक फिरवायला बायको, सुंदरा.

"देवाचं काम म्हनता म्हून फिरवतेय," सुंदरा म्हणाली. "नायतर माज्या हाताला काय मोटार बसवलीय?"

"ही तार मोटारीतलीच हाय. तू न् ती, दोगी बहिणी."

"मंग तिलाच सांगा रात्री भाकऱ्या थापाया."

पडवीच्या दाराशी थोरला भाऊ येसाजी बसला होता. तो हसला. येसाजी हसला की ते हसू कानाआधी जमिनीतून पायाला जाणवायचं, इतका त्याचा आवाज खालचा होता.

या आवाजानेच हे सगळं सुरू झालं. येसाजीची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. तो धाकट्या भावाच्या घरीच राहायचा, शेत पाहायचा आणि संध्याकाळी देवळात भजनाला जायचा. पण भजनी मंडळाची वीणा धाकलूच्या आवाजाला लावलेली. धाकलू मंडळाचा पुढारी, त्याचा आवाज पातळ आणि उंच. येसाजीला त्या पट्टीत गाता येत नसे. तो खालून, एक सप्तक सोडून, आपला गुणगुणत राहायचा.

"येसाजी भजनाला बसलाय का विहिरीत पडलाय?" धाकलू म्हणायचा, आणि सगळे हसायचे. येसाजीही हसायचा. पण घरी येताना एकदा तो सहदेवला म्हणाला होता, "एक सप्ता माज्या सुरात व्हावा रं. एकच. मंग काय नाय मागनं."

वाद्य सापडलं ते कर्जतला. तिथल्या गोपाळकृष्ण वकिलांच्या घरी सहदेव कपाटांची दारं बसवायला गेला होता. माळ्यावरून जुनी फळी काढताना कापडात गुंडाळलेलं एक धूड खाली आलं. वकिलांची सून मालतीबाई जवळच उभ्या होत्या.

"ह्ये काय वो, बाईसायब? सतार म्हनावी तर ही म्हशीएवढी."

मालतीबाई हसल्या. त्या माहेरी पुण्याला थोडी सतार शिकलेल्या होत्या. "सतारीच्याच जातीचा आहे. सूरबहार म्हणतात याला. सतार जिथं थांबते तिथून हा खाली उतरतो. आजेसासऱ्यांनी हौसेनं आणवला होता. जुने बीनकार आपली बीन, म्हणजे रुद्रवीणा, घरच्या मुलांनाच शिकवायचे म्हणे, आणि बाहेरच्या शिष्याच्या हातात हा द्यायचे."

"वाजवत नाय कुनी?"

"भोपळा तडकलाय. आणि मांडीवर घेतला तर मीच त्याच्यामागे दिसेनाशी होते."

सहदेवने मधली जाड तार अंगठ्याने ओढून पाहिली. गंजलेली तार, फुटका भोपळा, तरीही जो आवाज निघाला त्याने त्याच्या अंगावर काटा आला. तो येसाजीचा आवाज होता. म्हणजे तसं त्याला वाटलं.

त्याचं तोंड पाहूनच मालतीबाईंनी तो देऊन टाकला. "देवळात वाजणार असेल तर न्या. नाहीतरी इथं उंदीरच खातील. पण एक लक्षात ठेवा, हा बसून वाजवायचा असतो. गळ्यात अडकवायचा नाही."

सहदेव "व्हय" म्हणाला, आणि घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते गळ्यात अडकवायला सुती पट्टा लावायचं. सप्त्याची वीणा गळ्यातच असते. दुसरं काही त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

भोपळ्याची तडक त्याने आतून कापडाची पट्टी आणि लाख लावून सांधली. पडदे काढून टाकले, बारीक तारांच्या खुंट्या काढल्या. दांडीच्या डोक्याला शिसवीचा तुकडा जोडून दोन जास्तीच्या खुंट्या बसवल्या आणि त्यांच्यावर आपल्या वळलेल्या तारा चढवल्या. मग येसाजीला समोर बसवून म्हणाला, "दादा, तुला जितकं खाली जाता येतंय तितकं जा." येसाजी गात गेला, सहदेव खुंट्या पिळत गेला. शेवटची तार मात्र येसाजीच्या आवाजाच्याही खाली उतरली. ती छेडली की सूर ऐकू येण्याआधी पाटावरचा भुसा हलायचा.

येसाजी बराच वेळ ती तार ऐकत राहिला. "ह्यो सूर माजा नाय रं," तो म्हणाला. "माज्या मागं कुनी उभं हाय, त्याचा वाटतोय."

चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ता बसला. सप्त्याचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघून ती सरळ दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दिवसरात्र, पहाऱ्यामागून पहारा. कोंडपाड्यात आणखी एक नियम होता. वीणा गळ्यात असताना नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. पाणी हवं असलं तरी हाताने खुणवायचं.

पहिल्याच दिवशी धाकलूने ते धूड गळ्यात घेतलं आणि त्याची मान वाकली. पहारा संपल्यावर तो मानेला तेल चोळत म्हणाला, "आरं सहदेवा, ही वीणा हाय का नांगर? देव म्हनंल, मला भजन नको, हिला खाली ठेवा!" शेवटी मंडळाने ठरवलं, की या वीणेपुरतं बसायची मुभा द्यायची. मंडपाच्या मागच्या सागवानी खांबाला पाठ टेकून बसावं, भोपळा मांडीवर आणि खांबाला लागून घ्यावा. जमिनीला टेकली नाही म्हणजे झालं.

त्या सप्त्यात येसाजी आपल्या सुरात गायला. ज्यांनी ते ऐकलं ते सांगतात, की त्याच्या पहाऱ्याला दगडी फरशीवर बसलं तर मांड्यांना सूर लागत असे. आणि भिंतीपलीकडून तर येसाजी कुठं संपतो आणि तार कुठं सुरू होते हे ओळखता येत नसे. भिंतीपलीकडे सहदेवची पडवी होती. देवळाची मागची भिंत आणि पडवीची भिंत एकच.

खालच्या तारेचा उपयोग येसाजीने आपणच ठरवला. एरवी तो तिला हात लावायचा नाही. पहारा संपत आला की मात्र ती एकदा छेडायचा. बोलायची बंदी, म्हणून ही त्याची हाक. पडवीत सहदेवच्या पायाखाली सूर यायचा, तो हात धुऊन उठायचा आणि वीणा आपल्या गळ्यात घ्यायचा. दुपारचा पहारा येसाजीचा आणि त्यानंतरचा सहदेवचा, हे दोघांनी आधीच वाटून घेतलेलं.

पाचव्या दिवशी जेवणाची पंगत गावाच्या खालच्या टोकाला, धाकलूच्या खळ्यावर होती. टाळकरी जेवायला गेले. देवळात येसाजी एकटा. सहदेव पडवीत कीर्तनकारांच्या चौरंगाची फळी रंधत होता. काल्याच्या दिवसापर्यंत चौरंग हवा होता. रंधा खसाखस चालला होता, भुगा पायाशी पडत होता. मध्येच त्याने पातं काढून पुसायला हात थांबवला, तर खालची तार वाजत होती.

वेळ झालेली नव्हती. उन्हाची तिरीप अजून उंबऱ्याच्या आत होती.

"दादाला आज घाई दिसतीया," सहदेव मनाशी म्हणाला. सूर भरदार होता, लांब होता. आपण वळलेली तार इतकी स्वच्छ वाजते, कुठे किणकिण नाही, याचंच त्याला इतकं सुख झालं की तो पातं हातात धरून तसाच ऐकत उभा राहिला. मग भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बास की दादा, आलोच. येवडी कड मारतो न् येतो."

त्याने फळीची कड पुरी केली. मग हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि देवळाला वळसा घालून आत गेला.

येसाजी खांबाला टेकून बसला होता. पट्टा गळ्यात, भोपळा मांडीवर, उजवा हात तारांवर. वीणा जमिनीला टेकलेली नव्हती. तोंड किंचित उघडं होतं. सहदेवने दोन हाका मारल्या, खांदा हलवला आणि त्याला कळलं.

अशा वेळी माणूस काय करील? भावाला आडवं करील, पाणी आणील, ओरडेल. सहदेवने आधी वीणा आपल्या गळ्यात घेतली, कारण येसाजी कलंडला असता तर ती खाली टेकली असती. ते धूड गळ्यात असल्यामुळे त्याला खाली वाकता येईना, भावाचं डोकं मांडीवर घेता येईना. आणि नामाशिवाय शब्द काढायचा नाही. तो देवळाच्या दारात येऊन उभा राहिला आणि सगळ्या जोरानिशी देवाचं नाव घेत राहिला, घेत राहिला. खळ्यावरच्या लोकांना वाटलं, आज सहदेवला रंग चढला.

शेवटी धाकलूच त्याच्या आवाजातलं काहीतरी ओळखून पळत आला. आत डोकावला. मग सहदेवसमोर उभा राहून त्याने आपली मान पुढे केली. "दे. दे माज्याकडं. तुला सुतक लागलं, बाबा."

येसाजीला गावाबाहेर नेईपर्यंत धाकलू ती वीणा गळ्यात घेऊन पारावर उभा होता, एकही विनोद न करता. मग देऊळ धुतलं, पंचगव्य शिंपडलं आणि सप्ता पुढे चालवला. पुण्यवान मरण, असं सगळे म्हणाले. नाम घेता घेता गेला.

सुंदरा तेवढं म्हणाली नाही. तिने एवढंच सांगितलं, की सकाळी भावजी अर्धी भाकर ताटात टाकून उठले होते, आणि डाव्या हाताचं कोपर चोळत होते.

तेव्हापासून सहदेवच्या मागे ते लागलं. खालची तार म्हणजे हाक. दादाने हाक मारली होती. त्याच्या छातीत काही व्हायला लागलं असेल, बोलायची बंदी, वीणा खाली ठेवायची बंदी, जवळ कुणी नाही. त्याच्यापाशी एक तार होती आणि भिंतीपलीकडे एक भाऊ. आणि भाऊ पातं हातात धरून कौतुकाने ऐकत उभा होता. गेलो असतो तर? पाणी पाजलं असतं, पाठ चोळली असती. निदान हात धरला असता.

अंग तेव्हा गरम होतं की गार, हेही त्याला आठवून उपयोगाचं नव्हतं. चैत्रातल्या दुपारी त्या देवळात दगडसुद्धा गार नसतो.

सप्ता संपला तशी वीणा त्याच खांबाच्या खुंटीला टांगली. मंडळाने भजनाला पुन्हा धाकलूची जुनी वीणा काढली. पाऊसपाणी झालं, नवरात्र आलं, आणि एका दुपारी देऊळ झाडणारी पारू केरसुणी टाकून किंचाळत बाहेर आली.

"येसाजीबाबा! येसाजीबाबा हाक मारत्यात!"

लोक जमले, तर काही नाही. पण पुढच्या आठवड्यात धाकलूने स्वतः ऐकलं. भर दुपार, देवळात चिटपाखरू नाही, आणि खांबावरची वीणा आपल्या आपण बोलतेय. एकच सूर, सगळ्यांत खालचा. मग लोक दुपारचे देवळासमोरून जायचे बंद झाले. बायका पाण्याला वरच्या वाटेने जाऊ लागल्या. येसाजीचा पहारा सुटला नाही, त्याला कुणी बदली माणूस दिला नाही, म्हणून तो हाक मारतो, असं गावाने ठरवलं.

सहदेवला भीती वाटली नाही असं नाही. पहिल्यांदा तो सूर भिंतीतून आला तेव्हा त्याच्या हातून पटाशी पडली. पण तो उठला आणि धावत गेला. देवळात कुणी नव्हतं. तो खांबाशी बसला आणि म्हणाला, "आलो दादा. ह्या खेपेला आलो." तार थरथरत होती. हळूहळू थांबली.

मग तो रोजच जाऊन बसू लागला. काम पडून राहिलं. बायको बोलायची. "मेलेल्याच्या पहाऱ्याला जिता मानूस बसला तर तो बी तिकडचाच व्हतो," ती म्हणायची. तो ऐकायचा नाही.

असाच एकदा तो खांबाला पाठ लावून बसला होता. आणि तार बोलायच्या आधी त्याच्या पाठीला खांब बोलला. अगदी बारीक थरथर, जमिनीतून वर चढणारी. तो उठून दारात आला. समोर घाटात मालगाडी चढत होती. पुढे इंजिन, मागून रेटा देणारं इंजिन, मध्ये ताडपत्री घातलेले डबेच डबे. रणगाडे असतील, तोफा असतील. लढाईची गाडी. ती मुंगीच्या पायाने वर सरकत होती आणि तिच्याखाली सगळा डोंगर घुमत होता. सहदेवने मागे वळून कान दिला. वीणा वाजत होती. गाडी बोगद्यात शिरली, घुमणं विरलं, वीणाही विरली.

तो पळत घरी आला. "गाडी हाय ती, सुंदरा! गाडी! भोपळा खांबाला टेकतोय, खांब जमिनीत हाय, न् जमीन गाडीखाली हाय!" तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बरं झालं," सुंदरा म्हणाली. "पारूला सांगा. कालपास्नं जेवली नाय ती."

"पारूचं नाय गं. दादाचं म्हनतोय मी. त्या दिवशी बी गाडीच असंल. दादा आदीच गेला असंल, सुखानं, टेकल्या टेकल्या. गाडी आली, तार बोलली, न् मला वाटलं हाक. त्यानं हाक मारलीच नाय!"

"असंल," सुंदरा म्हणाली.

"असंल" एवढ्यावर सहदेवला झोप येणार नव्हती. त्याने पाहायला सुरुवात केली. येसाजीसारखा बसायचा, पट्टा गळ्यात, भोपळा मांडीवर आणि खांबाला लागून. पुण्याची पॅसेंजर गेली, तार मुकी. रिकामी मालगाडी उतरली, तरी मुकी. भरलेली मालगाडी मागून रेटा घेऊन चढली, तर कधी बोलली, कधी नाही. म्हणजे गाडीने तार वाजते हे खरं, पण प्रत्येक गाडीने नाही. त्या पाचव्या दिवशी दुपारी तशी गाडी चढली होती का, हे कळलं की झालं.

तो पळसदरी स्टेशनात गेला. तिथल्या बाबूने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा वर केला. "अहो, लष्कराची गाडी कधी येणार हे आम्हालाच ऐन वेळी कळतं. गेल्या चैत्रातली तुम्हाला कुठून सांगू? आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. कोण तुम्ही, जपान्यांचे हेर?"

"नाय वो. सुतार."

"मग फळ्या रंधा."

गावात विचारलं, तर कुणी म्हणे चढली होती, कुणी म्हणे नव्हती. त्या साली गाड्यांचं कौतुक उरलं नव्हतं. पावसाच्या दिवसांत पाऊस कधी पडला हे कोण लक्षात ठेवतं?

लढाई संपली. घाटातल्या गाड्या कमी झाल्या, वीणाही क्वचित बोलू लागली. पण गावाची भीती गेली नाही. पुन्हा सप्ता तोंडावर आला तसं धाकलूने मंडळाच्या वतीने सांगितलं, की ही वीणा डोहात सोडायची. गाडीने वाजते म्हणतोस तर ठीक आहे, पण पोरंबाळं देवळात पाय ठेवत नाहीत. सहदेवने हात जोडले. "येक डाव कर्जतला जाऊन येतो. मंग काय करायचं ते करा."

मालतीबाईंना सूरबहार दिल्याचं आठवत होतं. सहदेव ओसरीच्या पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. गळ्यात अडकवल्याचं ऐकून त्यांचा हात कपाळाकडे गेला. मग आत जाऊन त्यांनी आपली सतार आणली.

"हे ऐका." त्यांनी एक तार नखीने छेडली. "कशी सुरू झाली?"

"ठन्नदिशी."

"आणि मग?"

"मंग बारीक व्हत गेली."

"हं. छेडलेली तार अशीच. आल्या आल्या सगळ्यांत मोठी, मग ओसरत जाते. आता या खालच्या बारीक तारा बघा. यांना तरफा म्हणतात. मी यांना हात लावणार नाही." त्यांनी वरची तार छेडली आणि लगेच बोटाने दाबून गप्प केली. सतारीच्या पोटातून एक सूर येत राहिला, धुरासारखा. "हिची सुरुवात ऐकू आली?"

सहदेवने मान हलवली. "नाय. ती आपली... हायच."

"दुसऱ्याच्या थरथरीने बोलणारी तार भरत येते. तुमची तर आणखीच सावकाश भरत असेल, कारण गाडी सावकाश चढते. एकदा सूर लांबला की दोन्ही सारखेच, ओळखू यायचे नाहीत. फरक असतो तो सुरुवातीला." त्या पुढे वाकल्या. "सहदेव, त्या दुपारी तो सूर एकदम सुरू झाला होता, की भरत आला होता? तेवढं आठवा. कळेल तुम्हाला."

सहदेवने सांगायला तोंड उघडलं.

रंधा. रंधा चालू होता. खसाखस, खसाखस, आणि पातं पुसायला हात थांबवला तेव्हा सूर आधीच वाजत होता.

मालतीबाईंना ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "पाणी देते," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

तो पायी परत आला. गावात शिरल्यावर घरी गेला नाही, सरळ धाकलूच्या खळ्यावर गेला. धाकलू बैलांना वैरण टाकत होता.

"सोडा तिला डोहात," सहदेव म्हणाला. "माजं काय म्हननं नाय."

"कळलं काय तुला?"

"नाय."

दोघांनी मिळून ती सोडली. तांब्याच्या वजनाने ती लगेच बुडेल असं वाटलं होतं, पण भोपळा बराच वेळ पाण्यावर राहिला. धाकलूने तिला काठीने आत लोटलं. सहदेव बघत होता.

त्यालाही आता काही वर्षं झाली. सहदेवचं काम पुन्हा लागलं आहे, दारं आहेत, नांगर आहेत. वीणा गेली, तसा प्रयोग संपला. पण त्या पाचव्या दिवशी दुपारी देवळाच्या आसपास कुणीतरी असणारच, असं त्याला वाटतं. कुणी पाण्याला गेलं असेल, कुणाचं वासरू चुकलं असेल, कुणी पंगतीतून लवकर उठलं असेल. त्याच्यापाशी रंधा नव्हता. त्याने ऐकलं असेल. म्हणून पडवीत कुणी कामाला आलं, अगदी परगावचं असलं, तरी तो हातातलं हत्यार खाली ठेवतो, बसायला पाट देतो आणि विचारतो:

"त्या चैत्रात तुमी कुटं हिकडं आलावता का? देवळातली तार वाजली व्हती दुपारची. सुरू झाली ती ठन्नदिशी, का भरत आली?"